नळीतलं सूत
वाचकांचे प्रश्न, किडनीच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझी आई ६१ वर्षांची आहे. जन्मभर विड्या वळल्या. शुगरमुळे किडन्या गेल्या आणि गेले १४ महिने पोटाचं डायलिसिस घरीच चालू आहे, म्हणजे नळीतून पोटात पाणी भरायचं आणि काही तासांनी बाहेर काढायचं. दिवसातून तीन वेळा, दोन-दोन लिटरची बॅग. सगळं माझी बायको करते आणि वहीत लिहून ठेवते. आजवर काही तक्रार नव्हती. सोमवारी रात्री दोन लिटर आत गेलं आणि दीडच लिटर बाहेर आलं. मंगळवारी सकाळी नऊशे मिली. दुपारी आत जायलाच चाळीस मिनिटं लागली आणि बाहेर आलं तीनशे. बॅगेत पांढरे धागे दिसतात. ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, नळी गेली, काढून टाका आणि मशीनवर या. दुसरे म्हणाले, गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, नळीत घालतात. पण ते तर हार्ट अटॅकच्या पेशंटला देतात ना? आईची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, ॲस्पिरिन चालू आहे. डोक्यात रक्तस्राव झाला तर? पुण्याला न्यावं लागेल का? घरात दोन रात्री कुणाचा डोळ्याला डोळा नाही.
— एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : तुमची ई-मेल संपादकांनी बुधवारी सकाळी मला पाठवली आणि मी लगेच तुम्हाला फोन केला. मासिकातलं उत्तर छापून यायला महिना लागतो. बंद पडलेल्या नळीला तेवढा वेळ नसतो. फोनवर जे बोललो आणि नंतरच्या दोन दिवसांत जे झालं, ते तुमच्या परवानगीने इथे सविस्तर लिहिते. असा प्रसंग दुसऱ्या घरात आला तर त्यांना उपयोग होईल.

आधी तुमच्या बायकोची ती वही. तिच्यामुळे माझं अर्धं काम झालं. तीन वेळा मिळून सहा लिटर आत गेलं आणि दोन लिटर सातशे बाहेर आलं, म्हणजे तीन लिटर तीनशे पोटात राहिलं, हे आकडे समोर होते म्हणून मी पहिल्यांदा एवढंच सांगू शकले की आता पुढची बॅग लावू नका. पोट तुंबलेलं असताना वरून आणखी दोन लिटर भरलं की श्वास लागतो, नळीच्या कडेने पाणी झिरपतं, कधी हर्निया होतो. आईंना दम लागत नव्हता. लागत असता तर पुढचं काही न विचारता तुम्हाला थेट सिव्हिलच्या तातडीच्या विभागात पाठवलं असतं.

मग मी विचारलं की आत जातंय का, आणि बाहेर येतंय का. हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. आत सुरळीत जातं आणि बाहेर येत नाही, तेव्हा नळी बहुतेक मोकळी असते, पण तिचं टोक जागेवरून सरकलेलं असतं, किंवा भरलेल्या आतड्याने दाबलेलं असतं, किंवा पोटातल्या चरबीच्या पडद्याने, ज्याला आम्ही ओमेंटम म्हणतो, भोकांवर पांघरूण घातलेलं असतं. आत जायलाही वेळ लागतो आणि बाहेरही येत नाही, तेव्हा नळी कुठेतरी मुडपली आहे किंवा तिच्या पोकळीतच काहीतरी बसलंय. तुमच्याकडे दुपारी दहा मिनिटांचं काम चाळीस मिनिटांवर गेलं होतं, आणि पांढरे धागे होते. माझा संशय तिथेच गाठीवर गेला. तरीही तिसरा प्रश्न विचारला, आणि तो ऐकून तुम्ही क्षणभर गप्प झालात. आई शौचाला शेवटचं कधी गेल्या? तुम्ही बायकोला विचारलंत, तिने सासूबाईंना विचारलं, आणि उत्तर आलं, चार दिवस झाले.

पोटाच्या डायलिसिसची नळी अडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण बद्धकोष्ठ आहे. लोकांना हे खरं वाटत नाही. नळीचं टोक ओटीपोटात अगदी तळाशी, मोठ्या आतड्याच्या शेजारी असतं. ते आतडं भरलं की टोकाची भोकं दाबली जातात किंवा नळीच वर ढकलली जाते. आणि आपल्या सोलापुरात बद्धकोष्ठाला निमित्त लागत नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, चाळीसच्या वरचा उन्हाळा, त्यात किडनीच्या माणसाला पाणी मोजून, आणि फॉस्फरससाठी कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तासाठी लोहाच्या. एवढं सगळं एका पोटात गेल्यावर ते साफ राहील कसं? सुनेला हे सांगायला सासूबाईंना संकोच वाटला असणार. त्यांनी तो ठेवू नये. बॅगेच्या वहीत एक रकाना शौचाचाही असावा, हे मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगते.

बुधवारी तुम्ही आईंना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलंत. त्यांनी जे क्रमाने केलं ते अगदी योग्य होतं. पोटाचा साधा एक्स-रे काढला. नळीचं टोक खाली, जिथे असायला हवं तिथेच होतं, मुडपलेलं नव्हतं. आतडं मात्र गच्च होतं. आधी पोट साफ करायचं पातळ औषध दिलं. इथे एक इशारा देते. घरी कुणी मेडिकलमधून फॉस्फेटचा एनिमा आणून देऊ नये, किडनीच्या रुग्णाला तो धोक्याचा आहे. संध्याकाळपर्यंत आईंचं पोट दोनदा साफ झालं, तरी नळीतून थेंब थेंबच येत होतं. मग सिस्टरांनी निर्जंतुक सलाइन सिरिंजने हळूच आत ढकलून पाहिलं, तर सिरिंज अडत होती. म्हणजे आतड्याचा दोष काढूनही अडथळा उरला होता, आणि तो पोकळीतच होता. मग गाठ विरघळवायच्या त्या औषधाची पाळी आली.

हे औषध काय करतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. सोलापूरच्या माणसाला सूत आणि माग शिकवावा लागत नाही. रक्तात आणि पोटातल्या पाण्यात फायब्रिन नावाचं एक प्रथिन विणलं जातं. उभे-आडवे धागे, त्यांची जाळी, जाळीत पेशी अडकतात आणि गाठ होते. बॅगेत दिसणारे पांढरे धागे म्हणजे हेच सूत. हेपरिन हे गाठ होऊ न देणारं औषध मागाला थांबवतं, धोटा फिरू देत नाही, पण विणून झालेलं कापड उसवत नाही. ते उसवायला कात्री लागते. आपल्या शरीरात ती आहे, तिचं नाव प्लाझ्मिन. एरवी ती म्यानात असते, प्लाझ्मिनोजेन या रूपात. युरोकायनेज, अल्टेप्लेज, स्ट्रेप्टोकायनेज ही औषधं तिला म्यानातून बाहेर काढतात. मग ती फायब्रिनचे धागे एकेक कापत जाते.

यातलं सगळ्यात जुनं स्ट्रेप्टोकायनेज. टिलेट आणि गार्नर यांनी १९३३ साली ते स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या स्रावात ओळखलं. जंतूचं प्रथिन असल्यामुळे शरीर त्याला परकं मानतं. थंडी वाजते, ताप येतो, ॲलर्जी होते, एकदा दिल्यावर पुन्हा द्यायला मन धजत नाही. नळीसाठी मी ते वापरत नाही. युरोकायनेज माणसाच्या लघवीत सापडलं, म्हणून त्याच्या नावात ‘युरो’. निरोगी किडनी जे तयार करते, तेच किडनी गेलेल्या माणसाच्या नळीत घालायचं, हे दर वेळी माझ्या मनात येऊन जातं. अल्टेप्लेज प्रयोगशाळेत तयार केलेलं, आपल्या शरीरातल्याच एका प्रथिनाची नक्कल. तुम्ही मोबाइलवर वाचलंत तिथे सगळीकडे अल्टेप्लेजच लिहिलं होतं. त्याचं कारण असं की अमेरिकेत १९९९ साली युरोकायनेजचा पुरवठा थांबला होता आणि तिकडचे डॉक्टर अल्टेप्लेजकडे वळले. आपल्याकडे युरोकायनेज मिळतं आणि त्या मानाने परवडतं. अल्टेप्लेजची बाटली महाग, आणि नळीला तिच्यातला लहानसाच भाग लागतो.

आता तुमची भीती. ती रास्त आहे. हार्ट अटॅकमध्ये हे औषध शिरेतून, सगळ्या शरीरात जातं. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट, अल्टेप्लेज १०० मिलिग्रॅमपर्यंत. त्या मात्रेला मेंदूत रक्तस्रावाचा धोका खरोखर असतो. नळीत घालतात ते अल्टेप्लेज मिलीलिटरला एक मिलिग्रॅम या हिशेबाने, आणि नळीत मावेल एवढंच, म्हणजे काही मोजके मिलीलिटर. युरोकायनेजही लाखांच्या नाही, हजारांच्या हिशेबात. ते नळीत घालून चिमटा लावतात. त्यातलं पोटात उतरलं तरी रक्तात फारच थोडं जातं, कारण हे रेणू मोठे आहेत. ॲस्पिरिन चालू आहे एवढ्यावरून हा उपाय नाकारायचं कारण नाही. पण डॉक्टरांना ते सांगायलाच हवं, आणि ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करायची नाही, आईंच्या हृदयातल्या स्टेंटला ती लागते.

कुणाला द्यायचं नाही, हेही सांगते. ज्याला अलीकडे मेंदूत रक्तस्राव झालाय, ज्याचं नुकतंच मोठं ऑपरेशन झालंय, ज्याच्या बॅगेत ताजं लाल रक्त येतंय. नळी बसवून चार-आठ दिवसच झाले असतील तर पोटातली जखम ओली असते, तिथेही फार जपून. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नळीसाठी या औषधांच्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. जगभरातल्या डॉक्टरांनी थोड्या थोड्या रुग्णांवर वापरून अनुभव गोळा केलाय, त्याच आधारावर आम्ही ते देतो. डॉक्टरांनी तुमच्याकडून सही घेतली ती म्हणूनच.

आईंच्या नळीत बुधवारी रात्री युरोकायनेज घातलं आणि तासभर चिमटा लावून ठेवला. त्या तासात तुम्ही मला दोनदा फोन केलात, आठवतं ना? चिमटा काढला तेव्हा आठशे मिली आलं आणि पुन्हा धार बारीक झाली. तुमचा आवाज पडला होता. मी सांगितलं, कापड जाड असेल तर एका कात्रीत फाटत नाही. गुरुवारी सकाळी पुन्हा एकदा घातलं आणि त्यानंतर पोट जवळजवळ रिकामं झालं, बॅगेत बोटाच्या पेराएवढा पांढरा गुंता येऊन पडला. पाण्याचा नमुना तपासायला गेला होता, त्यात पेशी वाढलेल्या नव्हत्या, म्हणजे जंतुसंसर्ग नव्हता. ही तपासणी सोडून कधीच चालत नाही. फायब्रिन अचानक वाढतं तेव्हा पोटात जंतू शिरल्याची शक्यता असते, आणि मग नळी मोकळी करून भागत नाही, अँटिबायोटिक लागतं. पुढचे काही दिवस बॅगेत हेपरिन घालायला दिलंय, माग थांबलेला राहावा म्हणून.

पुण्याला न्यावं लागलं असतं का? दोन वेळा औषध घालूनही नळी मोकळी झाली नसती, तर हो, कदाचित. ओमेंटम गुंडाळलं गेलं असेल तर या औषधाचा काही उपयोग नाही, ते फायब्रिन कापतं, चरबीचा पडदा नाही. तेव्हा दुर्बिणीतून बघून नळी सोडवावी लागते. ते करणारे सर्जन सगळीकडे नसतात. पण तेही नळी काढण्याआधीचं पाऊल आहे.

नळी काढण्याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे. ही मऊ सिलिकॉनची नळी हेन्री टेंकॉफ यांनी १९६८ मध्ये आणली. तिला कापडासारखे दोन जाड पट्टे असतात, मांस त्यांत वाढतं आणि नळी पोटाच्या भिंतीत रुजते. नळाची तोटी बदलावी तशी ती बदलता येत नाही. काढायला ऑपरेशन, नवी घालायला दुसरं ऑपरेशन, नवी रुजेपर्यंत साधारण दोन आठवडे मानेतून नळी घालून मशीनचं डायलिसिस.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक यंत्रमाग कामगार होता, अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावचा. रात्रपाळी करायचा, कारखान्याच्या मागच्या खोलीत स्वच्छ कोपरा करून स्वतःच बॅग बदलायचा. दिवाळीच्या आदल्या दिवशी त्याची नळी बंद पडली. मी त्याला शौचाचं विचारलं नाही. एक्स-रे पाहिला, सलाइन ढकलून पाहिलं, आणि संध्याकाळी नळी काढायचा निर्णय घेतला, कारण सुट्ट्या लागत होत्या आणि मला धोका नको होता. नळी बाहेर आली तेव्हा तिच्या पोकळीत बोटभर लांब पांढरी गाठ होती, बाकी नळी स्वच्छ. एक तासाचं औषध आणि माझा थोडा धीर, एवढंच कमी पडलं होतं. त्याला पुन्हा नळी घालून घ्यायची हिंमत झाली नाही. आठवड्यातून तीनदा एसटीने सोलापूर, चार तास मशीन, परत एसटी. दोन महिन्यांत त्याची रात्रपाळी गेली. त्याने मला कधी दोष दिला नाही. येताना शेतातल्या शेंगा आणायचा. त्या शेंगा हातात घेताना काय वाटायचं ते मला आजही नीट लिहिता येत नाही. तेव्हापासून बंद नळीच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर मी सगळ्यात वर तारीख नाही, शौचाचा दिवस लिहिते, आणि ‘नळी काढा’ हे शब्द सगळ्यात शेवटी.

ज्या डॉक्टरांनी तुम्हाला मशीनवर या म्हणून सांगितलं, त्यांच्यावर रागावू नका. मशीनचं डायलिसिस वाईट नाही, हजारो माणसं त्यावर जगतात. पण आईंनी घर निवडलं होतं, आणि त्यांची निवड एका गाठीपायी जाऊ नये.

प्रश्न : बॅगेत कधी कधी पांढरे धागे दिसतात. डायलिसिस शिकवायला आलेल्या सिस्टरांनी हेपरिनची बाटली लिहून दिली होती. ती संपली. मेडिकलवाल्याने दुसरी दिली, पण ती जरा वेगळी दिसते. घालू का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : बाटली आधी हातात घेऊन आकडा वाचा. हेपरिनच्या पाच मिलीच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात. एकीत मिलीलिटरला १,००० युनिट, दुसरीत ५,०००. बाटल्या जवळजवळ सारख्या दिसतात. पहिल्या बाटलीतून तुम्ही जेवढं मिली घेत होता तेवढंच दुसरीतून घेतलं तर पाचपट हेपरिन बॅगेत जाईल. बॅगेत साधारणपणे लिटरला ५०० ते १,००० युनिट घालतात. पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिला असेल तोच. बाटलीचा फोटो त्यांना पाठवा आणि उत्तर आल्यावरच सुई टोचा. फोनवर सांगितलेल्या मिलीवर विसंबू नका, कागदावर युनिटमध्ये लिहून घ्या.

धागे अधूनमधून दिसले आणि पाणी स्वच्छ असेल तर घाबरू नका. पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे बघायला जुनी युक्ती आहे. निचरा झालेली बॅग छापील कागदावर ठेवा, वर्तमानपत्र चालेल. पाण्यातून अक्षरं वाचता आली तर बरं. अक्षरं पुसट झाली, पाणी ताकासारखं दिसलं, पोट दुखलं किंवा ताप आला, तर ती बॅग फेकू नका, तीच घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा. तो संसर्ग असू शकतो आणि त्यावर हेपरिन हा उपाय नाही.

प्रश्न : वडिलांची नळी अडली की मी सिरिंजने जोर लावून मोकळी करतो. दोनदा जमलं. चालेल ना?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : नाही. दोनदा जमलं म्हणून तिसऱ्यांदा करू नका. घरच्या हाताने जोडणी उघडली की जंतू आत जायला वाट मिळते, आणि आपल्याकडे पिंपात दिवसेंदिवस साठवलेल्या पाण्यावर हात धुतले जातात हे विसरू नका. सिरिंज मागे ओढली तर आणखी वाईट, टोकाच्या भोकांत ओमेंटम खेचलं जातं आणि चांगली नळी अडकते.

पुढच्या वेळी हे करा. वडिलांना लघवी होत असेल तर आधी करून येऊ द्या. निचऱ्याची बॅग जमिनीवर, पोटाच्या बरीच खाली आहे ना ते बघा. नळीला कुठे घडी पडलीय का, धोतराच्या किंवा पायजम्याच्या नाडीखाली ती दबलीय का, ते बोटाने चाचपा. त्यांना उठवा, कुशीवर वळवा, अंगणात चार फेऱ्या मारायला लावा. पोट साफ नसेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्या. तासाभरात धार आली नाही तर पुढची बॅग न भरता फोन करा आणि निघा. निघताना वही घ्यायला विसरू नका.